घरात कापूस ठेवणाऱ्याला लोभी म्हणण्याआधी

मार्च-एप्रिल आला की एक वाक्य दरवर्षी ऐकायला मिळतं, "भाव होता तेव्हा विकला नाही, आता बसा बोंबलत." हे फक्त शहरातले लोकच बोलतात असं नाही, गावातला ज्याने दिवाळीलाच माल काढून टाकला तोही बोलतो, अडत्या बोलतो, कृषी सेवा केंद्रवाला बोलतो आणि टीव्हीवर बसलेला अर्थतज्ज्ञ जरा सभ्य शब्दात तेच बोलतो की शेतकऱ्याला मार्केट कळत नाही, त्याला आर्थिक साक्षरता दिली पाहिजे. मला हे वाक्य मनापासून खटकतं. आमच्याकडे वऱ्हाडात सोयाबीन आणि कापूस हीच दोन मुख्य नगदी पिकं, त्यामुळे माल ठेवायचा की विकायचा यावरचे वाद मी लहानपणापासून घराघरात ऐकत आलोय, आणि माझं स्पष्ट मत असं आहे की माल घरात ठेवणं हा एकट्या माणसाच्या लोभाचा निर्णय नसतोच. त्या निर्णयात मागच्या वर्षीचा भाव असतो, गाव असतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे दिल्लीतून कधी काय निघेल याचा भरोसा नसणं असतं. दोष द्यायचाच तर तो या तिसऱ्या गोष्टीला आधी द्या, आपण मात्र नेहमी शेतकऱ्यालाच धरतो.

आधी काय घडलं ते नीट आठवू. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. हमीभाव होता ३९५०. म्हणजे हमीभावाच्या अडीचपट. पण गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की तेव्हा शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन होतंच कुठे, बहुतेक जण आधीच्या हिवाळ्यात चार-साडेचार हजारांनी विकून मोकळे झाले होते. त्याने फक्त तो आकडा पाहिला, तोही उभ्या पिकात उभं राहून. मग ऑगस्टमध्येच केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेली) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, पोल्ट्रीवाल्यांची मागणी होती म्हणून, आणि नवीन माल बाजारात यायला लागला तेव्हा भाव चार-पाच हजारांवर येऊन पडला. ऑक्टोबरमध्ये तेलबियांवर स्टॉक लिमिट, म्हणजे साठ्यावर मर्यादा लागली, डिसेंबरमध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरी अशा सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे आज होणारे सौदे, बंद केले. एवढं सगळं डोक्यावर असताना ज्यांनी घाई केली नाही, माल धरून ठेवला, त्यांना २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर सात हजारांच्या आसपास भाव मिळाला. कापसाचंही त्याच वर्षी तसंच, हमीभाव सहा हजारांच्या घरात आणि बाजारात दहा हजार, पुढे पुढे तर काही ठिकाणी बारा हजार. थांबला तो जिंकला, हा धडा त्या एका वर्षाने अख्ख्या विदर्भ-मराठवाडा-खानदेशाला शिकवला.

पुढच्या हंगामात लोकांनी तोच धडा गिरवला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कापूस साडेआठ-नऊ हजारांच्या आसपास होता, लोक म्हणाले दहा होऊ द्या. जानेवारीत म्हणाले मार्चमध्ये वाढेल, मागच्या वर्षी वाढला होता की. मे उजाडेपर्यंत सात-साडेसात हजारांवर आला आणि घराघरात कापसाच्या गंज्या तशाच, त्यात किडे होऊन लेकराबाळांना अंगाला खाज सुटलेली, दवाखान्याच्या चकरा. एका खोलीत कापूस आणि दुसऱ्या खोलीत सहा माणसं झोपतायत असं घर ज्याने पाहिलंय तो त्याला लोभ म्हणणार नाही. सोयाबीनचं तर त्याहून वाईट झालं, २०२४ मध्ये भाव हमीभावाच्याही खाली गेला.

आता मानसशास्त्राचं बघू, कारण लोक म्हणतात तसं ते खरंच आहे, फक्त ते शेतकऱ्यापुरतं नाहीये. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लोकांसमोर एक चक्र फिरवायचं, ते मुद्दाम असं बनवलेलं की १० वर किंवा ६५ वरच थांबेल, आणि मग विचारायचं की संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकन देश किती टक्के आहेत. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नाही. तरी ज्यांना १० दिसले त्यांचा मधला अंदाज २५ आला आणि ज्यांना ६५ दिसले त्यांचा ४५. डोळ्यासमोर आलेला आकडा डोक्यात घर करतो, खरा असो की खोटा. आता आपल्याकडचे मुहूर्ताचे सौदे आठवा. खानदेशात गणेश चतुर्थीला कापूस खरेदीचा मुहूर्त करतात, इकडे बाजार समित्यांमध्ये नव्या सोयाबीनचा पहिला लिलाव होतो, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-टॉवेल-नारळ, मोजक्या मालाला एकदम दणदणीत भाव, फोटो, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो जिल्ह्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर. तो भाव दुसऱ्या दिवशी कुणालाही मिळत नाही, व्यापाऱ्यालाही माहीत असतं मिळणार नाही. पण आकडा बसला तो बसला. मग सत्तावन्नशे भाव आला तरी तो कमी वाटतो, कारण तो शून्यापासून मोजला जात नाही, त्या फोटोतल्या आकड्यापासून खाली मोजला जातो.

याच दोघांनी १९७९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली की माणसाला हजार रुपये मिळाल्याचा जितका आनंद होतो त्यापेक्षा हजार गेल्याचं दुःख बरंच जास्त होतं, पुढच्या मोजणीत ते साधारण दुप्पट निघालं, आणि तोटा दिसायला लागला की माणूस सावध होण्याऐवजी उलट जास्त जोखीम घ्यायला लागतो. कानमनना २००२ मध्ये नोबेल मिळालं. पुढे १९८५ मध्ये शेफ्रिन आणि स्टॅटमन या संशोधकांनी शेअर बाजारातल्या माणसांचं हेच दाखवलं, फायद्यातले शेअर लोक लवकर विकून टाकतात आणि तोट्यातले उराशी धरून बसतात. पुण्यात ज्याने २०१३-१४ ला फ्लॅट घेतला आणि 'माझी किंमत आल्याशिवाय विकणार नाही' म्हणत बरीच वर्षं रिकामा ठेवला त्याचंही डोकं असंच चाललं होतं. त्याला कुणी अडाणी म्हटलं नाही, उलट 'लाँग टर्म इन्व्हेस्टर' म्हटलं. तेच वागणं धोतरातल्या माणसाने केलं की लोभ, हा भेद मला मान्य नाही.

पण नुसतं मानसशास्त्र सांगून थांबलं तर अर्धी गोष्ट झाली, कारण माल ठेवायचा की नाही हा प्रश्न सगळ्यांना पडतच नाही. गावातला दोन-तीन एकरवाला तर सोंगणी झाली की मळणीयंत्रावरूनच माल व्यापाऱ्याकडे लावतो, कारण जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर आणलेलं असतं, हार्वेस्टरवाल्याचे पैसे द्यायचे असतात, वेचणीच्या बायांची मजुरी आठवड्याला चुकवावी लागते, आणि खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन उभाच असतो. त्याला बाजारापेक्षा दोनशे-तीनशे कमी मिळतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला साक्षरता नाही, दोन महिन्यांची उसंत पाहिजे असते. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याच माणसांची बुद्धीची चाचणी ऊस जाण्याआधी, म्हणजे हात रिकामा असताना घेतली, आणि ऊसाचे पैसे आल्यावर पुन्हा घेतली, तर पैशाच्या चणचणीत त्यांचे निकाल स्पष्टपणे वाईट आले. माणूस तोच, डोकं तेच, फक्त काळजी कमी झाली. आपल्याकडे मात्र नेमका सोयाबीनच्या काढणीत, जेव्हा डोक्यावर सगळी देणी एकदम येऊन पडतात, तेव्हाच त्याने वर्षातला सगळ्यात मोठा आर्थिक निर्णय शांतपणे घ्यावा अशी अपेक्षा असते.

थांबू शकतो तो थोडा बरा शेतकरी, पाच-दहा एकरवाला, घरात एखादी नोकरी किंवा दूध-दुभतं असलेला. आणि त्याच्यावर गावाचं दडपण असतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. पारावर, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर रोज चौकशी, "काढला का माल?" एकदा का चारचौघात बोलून गेला की दहाच्या खाली देत नाही, मग आठला देताना माणसाला पैशापेक्षा शब्द जास्त जड जातो. शेजाऱ्याने ठेवलाय आणि मी विकला आणि उद्या वाढला तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. शेजाऱ्याने ठेवला, मीही ठेवला आणि दोघांचाही पडला तर निदान सोबत तरी आहे. चूक सगळ्यांसोबत केली तर ती कमी टोचते, एकट्याने केली तर जास्त. आणखी एक गोष्ट माझ्या पाहण्यातली, घरातल्या बायका बहुतेक वेळा विकून टाका म्हणणाऱ्या असतात, कारण पोरीच्या कॉलेजची फी, किराण्याची उधारी, बचत गटाचा हप्ता हे सगळं त्यांच्या समोर रोज उभं असतं, कापसाची खोलीही त्यांनाच झाडावी लागते. पण सौदा करायला जातो पुरुष आणि पारावर त्याची इज्जत लागलेली असते.

आणि आता मुद्द्याची गोष्ट, सरकार. कापसावर २०२१ च्या अर्थसंकल्पात साधारण ११ टक्के आयात शुल्क लावलं. एप्रिल २०२२ मध्ये काढलं, त्या हंगामापुरतं. पुन्हा लागू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर टॅरिफ लावल्यावर कापड उद्योगाला दिलासा म्हणून पुन्हा काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग लगेच मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमकी आपली वेचणी आणि आवक जेव्हा जोरात असते तेवढाच काळ. खाद्यतेलाचंही तसंच, महागाई वाढली म्हणून शुल्क जवळपास संपवलं, सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणूक तोंडावर असताना कच्च्या खाद्यतेलावर एकदम २७.५ टक्क्यांपर्यंत नेलं, आणि मे २०२५ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, १६.५ वर आणलं. कांद्याचं तर सगळ्या देशाने पाहिलं, ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरला सरळ बंदी, मे २०२४ ला लोकसभेचं मतदान सुरू असताना बंदी उठवली, आणि तरी दिंडोरी आणि नाशिकच्या दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळी कारण होतं, ते कारण खोटं होतं असं माझं म्हणणं नाही. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. जो भाव पाऊस, ब्राझीलचं पीक, चीनची मागणी यावर अवलंबून असतो त्याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. जो भाव एका रात्रीतल्या अधिसूचनेवर अवलंबून असतो त्याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही, तिथे अभ्यास केलेला आणि न केलेला दोघेही सारखेच आंधळे. मग माणूस अंदाज सोडतो आणि आशा धरतो.

त्यात वायदे बंद करणं हे मला सगळ्यात चुकीचं वाटतं. वायदेबाजाराबद्दल आपल्याकडे राग आहे आणि सट्टेबाजी तिथे होतेच, पण तीन-चार महिन्यांनी सोयाबीन काय भावाने जाईल याबद्दल पैसे लावून केलेला अंदाज तिथे रोज दिसायचा, तोही फुकट. २०२१ च्या डिसेंबरमध्ये एका वर्षासाठी म्हणून तो बंद केला आणि मग मुदत पुन्हा पुन्हा वाढवत गेले. ती जागा रिकामी राहिली नाही, ती मोबाईलने भरली. 'सोयाबीन मोठी तेजी येणार', 'कापूस या तारखेनंतर रेकॉर्ड तोडणार', लाल अक्षरात, मोठ्या बाणाचं चित्र लावून. तेजीचा व्हिडिओ लाखो लोक बघतात, मंदीचा कुणी बघत नाही, म्हणून तेजीचेच निघतात. बघणाऱ्याच्या घरात माल आहे, त्याला ऐकायचं असतं तेच तो ऐकतो. आणि निवडणुकीच्या सभा वेगळ्याच, २०२४ च्या विधानसभेला एका बाजूने सोयाबीनला सहा हजार आणि दुसऱ्या बाजूने सात हजार असे आकडे दिले गेले, त्यावेळी हमीभाव ४८९२ आणि बाजारात त्याहून कमी भाव. राजकीय पक्षांनी जाहीर केलेला आकडा हाही त्या फिरत्या चक्रावरचाच आकडा आहे, तो ऐकल्यावर घरातलं पोतं विकायला हात कसा धजावेल.

शेतकऱ्याला जुगाराची खोड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मराठवाड्यातला ऊस बघावा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि तरी त्या भागात ऊस हटला नाही. लोक म्हणतात अविचारी आहेत. मला तर त्यात विचारच दिसतो. ऊसाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेली किमान किंमत आहे, ती हंगामाआधी जाहीर होते, कारखान्याला ती कायद्याने द्यावी लागते, १४ दिवसांत द्यायचा नियम आहे, आणि तो कितीही वेळा मोडला तरी पैसे उशिरा का होईना येतात. गारपिटीने ऊस जात नाही, व्यापारी मॉइश्चर दाखवून भाव पाडत नाही. पाण्याच्या दृष्टीने मराठवाड्यात ऊस वाढणं मला बिलकुल पटत नाही, भूजलाची वाट लागलीय. पण वागणुकीचा पुरावा म्हणून तो फार बोलका आहे. तोच माणूस, तेच शिवार. जिथे भाव आधी माहीत आहे तिथे तो पै-पैचा हिशोब करून पीक निवडतो आणि शेजारच्या वावरातल्या सोयाबीनच्या बाबतीत मात्र नशिबावर हवाला ठेवतो. स्वभाव बदलला नाही, नियम बदलले.

कर्जमाफीचंही असंच. २०१७ च्या योजनेत थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी आणि नियमित भरणाऱ्याला जास्तीत जास्त २५ हजार प्रोत्साहन. २०१९ ला थकबाकीदाराला दोन लाखांपर्यंत, नियमितला ५० हजारांपर्यंत, तेही उशिरा. मग २०२४ ला पुन्हा आश्वासन. आता ३१ मार्च आला की पीककर्ज भरायचं की थांबायचं हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो, आणि बँकवाले म्हणतात लोकांची नियत बिघडली. मी स्वतः कर्जमाफीच्या विरोधात नाही, दुष्काळात आणि पडलेल्या भावात बुडालेल्या माणसाला हात द्यावाच लागतो, उद्योगांची कर्जं राइट ऑफ होतात तेव्हा कुणी नियत काढत नाही. पण भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्याला जे वेगवेगळं मिळालं त्यावरून लोक शिकले, नियत बिघडण्याचा काय संबंध. दोन वेळा जे दिसलं त्यावरून तिसऱ्या वेळी माणूस अंदाज बांधणारच.

म्हणून मेळावे घेऊन 'बाजाराचा अभ्यास करा' सांगणं पुरेसं नाही, आणि माझ्या मते ते थोडं अन्यायाचंही आहे. माझी मागणी साधी आहे. हमीभाव जसा पेरणीच्या सुमारास जाहीर होतो तसं कापूस, खाद्यतेल आणि डाळींचं आयात शुल्क आणि कांद्याचं निर्यात धोरणही पेरणीआधी जाहीर करा आणि आवक संपेपर्यंत, निदान फेब्रुवारीअखेर, त्याला हात लावू नका. यावर लगेच प्रश्न येतो की शहरातल्या गरिबाने महाग तेल का खायचं, आणि प्रश्न बरोबर आहे, आपण गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, तिकडे भडका उडाला की इकडे फोडणी महागते. पण त्याचा इलाज रेशनवर तेल देणं, थेट खात्यात मदत देणं हा आहे, तो खर्च सरकारने तिजोरीतून करावा, आज तो खर्च अकोल्या-वाशीमच्या सोयाबीनवाल्याच्या विक्रीच्या पट्टीतून कापला जातो. हमीभाव कायद्याने बंधनकारक करा म्हणणाऱ्या मित्रांशीही माझा थोडा मतभेद आहे, कारण २०२४ ला नाफेडच्या खरेदी केंद्रांवर ४८९२ कागदावर होताच की, पण १२ टक्के ओलाव्याची अट, ती पुढे १५ केली तोपर्यंत बऱ्याच लोकांनी चार हजाराच्या आसपास विकून टाकलं होतं, बारदाना नव्हता, रांगा लागल्या होत्या. कायदा आला तरी माल मोजणारा काटा वेळेवर सुरू झाला पाहिजे.

आणि ज्याला थांबायचंय त्याला थांबता यावं यासाठी नवीन काही शोधायचीही गरज नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे उचलायचे, सहा महिन्यांसाठी, व्याज सालीना ६ टक्के. सावकार यापेक्षा जास्त व्याज महिना-दोन महिन्यांत वसूल करतो. देणी भागतात, डोकं थंड राहतं, भाव बघून विकता येतं, आणि पडलाच तर सगळा माल एकदम अंगावर येत नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांना ही योजना ऐकूनही माहीत नव्हती, आणि ज्यांना माहीत होती त्यांना समितीत सांगितलं गेलं की गोदामात जागा नाही, व्यापाऱ्यांचा माल आहे. बाजार समितीच्या निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक पॅनलला यंदा हेच विचारा, तारणासाठी किती पोत्यांची जागा राखून ठेवणार आणि ती जागा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रिकामी असेल का.